क्लिकशिवाय गाणारी माणसं आणि माझं सॉफ्टवेअर

बेळगावात वडगावला माझी रेकॉर्डिंगची खोली आहे, दहा बाय बाराची. शेजारी पॉवरलूम. माग चालू असतो तोवर माईक लावून काही उपयोग नाही, म्हणून माझं काम बहुतेक रात्रीचं. निपाणी-खानापूरकडची नवी पोरं फोन करतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ ओ?" मी उलट विचारतो, "तुझ्याकडं गायला कोण येणार आहे?" हा प्रश्न मला स्वतःला सुचायला एका अख्ख्या भजनी मंडळाचा रंगलेला अभंग हातचा जावा लागला.

सुरुवातीला मी एका कॉम्प्युटरवाल्याकडून पाचशे रुपयांत क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकून घेतलं होतं. नाव सांगत नाही, कारण दोष मूळ सॉफ्टवेअरचा नव्हता. दोन-तीन महिने ते बरं चाललं. मग खानापूरकडचं तेरा जणांचं मंडळ आलं. पेटी, पखवाज, टाळ, मागं कोरस. दोन अभंग झाले. तिसऱ्याला पखवाज दुगुनीत गेला, बुवांचा आवाज लागला आणि स्क्रीन गोठली. प्रोजेक्ट पुन्हा उघडलाच नाही. मी म्हटलं, बुवा, परत एकदा म्हणूया. बुवा शांतपणे म्हणाले, "म्हणतो की. पण तोच रंग परत कुठनं आणू?"

त्यांनी परत म्हटलं, ठीक झालं. पण ते ठीकच झालं.

त्या रात्री आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मुंबईतल्या मोठ्या स्टुडिओत काय वापरतात ते पाहून मी सगळं मांडलं होतं: क्लिक, म्हणजे हेडफोनात ठरल्या लयीची टिकटिक, लावायची, एकेक वाद्य वेगळं घ्यायचं, नंतर स्क्रीनवरच्या तालाच्या रेघांवर बसवायचं. भजनाची लय मात्र चढत जाते, ती चढण्यातच मजा. क्लिक लावली की टाळकरी बिचकतात. सगळे एका खोलीत असल्यामुळं पखवाज बुवांच्या माईकात शिरतो आणि पेटी सगळ्यांच्याच. मग एकट्या आवाजातली चूक कापता येत नाही. कापायचं तर सगळे ट्रॅक (प्रत्येक माईकाची वेगळी पट्टी) एकत्र, एकाच जागी. म्हणजे मला काय हवं होतं? आठ माईक एका वेळी घेता यावेत, ट्रॅक गटानं कापता यावेत आणि लय मोकळी सोडली तरी सॉफ्टवेअरनं मध्ये पडू नये.

हे मला रीपरमध्ये मिळालं. विनॅम्प आठवतंय? ते बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलच्या कोकोस कंपनीचं हे सॉफ्टवेअर. सगळ्या सोयींसकट ६० दिवस वापरून बघता येतं, त्यानंतर लहान स्टुडिओला परवाना ६० डॉलरला. (या कामातली वर्षाची उलाढाल २०,००० डॉलरच्या वर गेली तर २२५. आपल्याकडं तो प्रश्न अजून तरी आलेला नाही.) मुदत संपली तरी ते बंद पडत नाही, उघडताना फक्त आठवण करून देतं. म्हणून काहीजण वर्षानुवर्षं तसंच वापरतात. गिऱ्हाइकाकडून पैसे घेत असाल तर परवाना घ्या. रीपर दिसायला रुक्ष, सोबत वाद्यांचे आवाज जवळपास नाहीतच आणि सेटिंगांचं जंगल आहे. मला ते चाललं, कारण माझी वाद्यं पायी चालत जिना चढून येतात.

तुमच्याकडं वाद्यं कॉम्प्युटरातूनच येणार असतील तर हिशेब बदलतो. गणपतीसाठी बीट बनवणाऱ्या पोरांना एफएल स्टुडिओ हाताला लगेच बसतं आणि एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट मिळतात. मात्र कुठल्या पॅकमध्ये काय-काय येतं ते घेण्याआधी नीट वाचा. कीबोर्डवर चाली बांधणाऱ्याला क्युबेस आवडतं. ते जर्मनीच्या स्टाइनबर्गचं, आणि आज बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये चालणारी व्हीएसटी प्लगइनची (बाहेरची वाद्यं, इफेक्ट जोडण्याची) पद्धतही त्यांनीच १९९६ साली आणली. लॉजिक नावाचं सॉफ्टवेअर उत्तम, पण ॲपलच्या मशीनवरच चालतं, तेव्हा घरातला विंडोजचा कॉम्प्युटर पाहूनच मोह करा. प्रो टूल्स मोठ्या स्टुडिओत नोकरी करायची असेल तर शिकून ठेवा. घरच्या खोलीत त्याच्यासाठी दरमहा पैसे भरण्याची घाई नको. आणि एकट्याचं निवेदन, शाळेची जाहिरात एवढंच करायचं असेल तर फुकटची ऑडॅसिटी पुरते.

फोनवर सर्वांत जास्त तक्रार येते ती मात्र सॉफ्टवेअरची नसतेच. "हेडफोनात माझाच आवाज मागनं येतोय." हा बफरचा, म्हणजे कॉम्प्युटर आवाज एका वेळी केवढ्या तुकड्यात घेतो त्याचा, खेळ. ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने) बफर १०२४ नमुन्यांचा ठेवला तर एका दिशेनं सुमारे २१ मिलिसेकंद उशीर होतो, येताना-जाताना मिळून त्याहून जास्त. गाणारा गोंधळतो. २५६ वर आणला तर तोच उशीर पाचेक मिलिसेकंद, म्हणजे गवई तुमच्यापासून पावणेदोन मीटरवर बसला तर हवेतून आवाज यायला लागतो तेवढाच वेळ. रेकॉर्ड करताना बफर खाली, मिक्सिंगला वर. विंडोजवर इंटरफेसचा (माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याचा) स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे आवाज कमी उशिरात नेणारा ड्रायव्हर, टाका, सॉफ्टवेअरच्या सेटिंगात तोच निवडा. हे न करता लोक तीन-तीन सॉफ्टवेअर बदलतात.

डिस्कचाही अंदाज ठेवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी खातो. आठ माईक, एक तास: चार जीबीच्या वर. हरिजागर रात्रभर दोन माईकांवर घेणार असाल तर आणखी एक अडचण. साधी वेव्ह फाइल ४ जीबीच्या पुढं जात नाही, म्हणजे स्टिरिओत चार तासांच्या आसपास संपते. त्यापुढं आरएफ६४ किंवा डब्ल्यू६४ हा प्रकार निवडावा लागतो, नाहीतर मधेच फाइल तोडत जावं लागतं. निवडलेलं सॉफ्टवेअर हे करतं का, ते आधी बघून ठेवा. पहाटे काकड्याच्या वेळी बघू नका. पावसाळ्यात लाईट जाते हे इथल्या माणसाला सांगायला नको. यूपीएस घ्या आणि दर पाच मिनिटांनी आपोआप सेव्ह होण्याची सोय चालू करा.

"पुढं कोल्हापूरला किंवा पुण्याला मिक्सला दिलं तर त्यांच्याकडं वेगळंच सॉफ्टवेअर असेल, मग?" काही बिघडत नाही. प्रत्येक ट्रॅकची वेव्ह फाइल शून्य सेकंदापासून काढायची, मध्येच सुरू होणारा कोरससुद्धा. समोरच्यानं त्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक टाकल्या की सगळं जागच्या जागी बसतं. फाइलींना 'ट्रॅक ७' अशी नावं देऊ नका. माझ्याकडं सकाळी कन्नड वचनं आणि रात्री अभंग, पेटी-तबला दोन्हीकडं तेच. एकदा वचनाचा तबला अभंगाच्या फोल्डरमध्ये घालून मी कोल्हापूरला पाठवला आणि तिकडच्या माणसानं तो दोन तास जुळवत बसून मग फोन केला.