फेडरल ग्रांटवर नव्याने काम करताय? व्हेंडरच्या छापील करारावर सही करू नका

अमेरिकेत एमपीए (सार्वजनिक प्रशासनातली मास्टर्स) करून नॉनप्रॉफिटमध्ये फेडरल ग्रांट्स, म्हणजे केंद्र सरकारची अनुदानं, सांभाळायला लागलेल्या मराठी मुलामुलींचे मला अधूनमधून फोन येतात. प्रश्न बजेटचे असतात, रिपोर्टिंगचे असतात. कॉन्ट्रॅक्टबद्दल कुणीच विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं, म्हणून हे लिहितेय.

२ सीएफआर २००, म्हणजे फेडरल ग्रांटचे पैसे कसे खर्च करायचे याची नियमावली, तुम्ही चाळली असेलच. तिला जोडलेलं अपेंडिक्स टू, म्हणजे कॉन्ट्रॅक्टमध्ये कोणती कलमं हवीत याची यादी, मात्र मी पहिलं वर्षभर उघडलंही नाही. मला वाटायचं, अवॉर्डमध्ये (ग्रांट मंजूर झाल्याच्या कागदात) सगळ्या अटी आहेत, त्यावर आपली सही आहे, म्हणजे त्यातून ज्याला पैसे देऊ त्यालाही त्या आपोआप लागू होणार. साफ चूक. अवॉर्ड हा पैसे देणारा आणि तुमची संस्था यांच्यातला करार. व्हेंडर त्यात कुठेच नाही. त्याने ज्या कागदावर सही केली त्यात जे आहे, तेवढंच तो पाळणार.

आमचं काम वृद्धांना घरपोच जेवण पोचवण्याचं. गाड्या आणि ड्रायव्हर एका वाहतूक कंपनीकडून घेतले, वर्षाला ८४,००० डॉलर. तीन कोटेशन्स घेतली, दरांची तुलना फाइलला लावली, कंपनी डिबार्ड नाही, म्हणजे सरकारी पैशाच्या कामांना तिच्यावर बंदी नाही, हे सॅम या सरकारी वेबसाइटवर बघून तारखेसकट प्रिंट काढली. सगळं नियमात. मग कंपनीने स्वतःचा छापील करार पाठवला आणि सोमवारपासून गाड्या हव्यात म्हणून आम्ही त्यावरच सही करून मोकळे झालो.

सात महिने झाले आणि ग्रांट कापली गेली. गाड्या थांबवा म्हणून कळवलं, तर कंपनीने करारातलं एक वाक्य पिवळ्या मार्करने रंगवून परत पाठवलं: मुदत बारा महिने, मधे रद्द करता येणार नाही. त्यांना दोष देत नाही, सही आमची होती. उरलेल्या पाच महिन्यांचे ३५,००० डॉलर ग्रांटवर टाकू दिले नाहीत. ते संस्थेच्या गंगाजळीतून गेले, आणि स्वयंपाकघरात दुसरा माणूस घ्यायचं ठरलं होतं ते राहून गेलं. ऑडिटमध्ये फाइंडिंग (नियम पाळला नाही अशी ऑडिटरची लेखी नोंद) आलं ते वेगळंच.

म्हणून हे नीट वाचा. १०,००० डॉलरच्या वरच्या प्रत्येक कॉन्ट्रॅक्टमध्ये टर्मिनेशनचं कलम लागतं, आणि तेही दोन्ही प्रकारचं: व्हेंडर चुकला म्हणून आणि आपल्याला गरज उरली नाही म्हणून. 'संस्था करार रद्द करू शकते' एवढं लिहून भागत नाही. रद्द कसा करायचा आणि हिशोब कसा मिटवायचा, हेही त्यात हवं. नोटीस किती दिवसांची, ती कुणी आणि कशी द्यायची, अर्धवट झालेल्या कामाचे पैसे कोणत्या दराने, हे सगळं लिहून घ्या. लॉबिंगचं सर्टिफिकेशन (ग्रांटचे पैसे सरकारदरबारी वशिला लावायला वापरले नाहीत असं लिहून देणं), बांधकाम असेल तर मजुरीचे नियम, ही बाकीची कलमं रकमेप्रमाणे आणि कामाप्रमाणे लागतात. ती अपेंडिक्समध्येच वाचा.

दुसऱ्या संस्थेची चेकलिस्ट उतरवून घेऊ नका, या बाबतीत मी हट्टी आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून सुधारित नियम आले. डी मिनिमिस दर (ऑफिसच्या वरखर्चासाठी वेगळा दर ठरवून न घेता लावता येणारा टक्का) १० टक्क्यांवरून १५ टक्क्यांपर्यंत गेला, सिंगल ऑडिटची मर्यादा (वर्षाला किती फेडरल पैसे खर्च केले की हे ऑडिट करावंच लागतं तो आकडा) साडेसात लाखांवरून दहा लाख डॉलर झाली. जुने आकडे असलेल्या चेकलिस्ट अजून सर्रास फिरतायत. आणि 'आम्ही नेहमी असंच करतो' म्हणणाऱ्या सीनियरपेक्षा ऑडिटरसमोर फाइल घेऊन बसलेल्या अकाउंट्सवाल्या बाईंना विचारा. मला खरं शिकवलं ते अशाच एका बाईंनी.

फाइंडिंग आलं म्हणून नोकरी जात नाही. करेक्टिव्ह ॲक्शन प्लॅन (चूक कशी सुधारणार ते लिहून) द्यायचा आणि तो खरोखर पाळायचा. मी तेव्हा रात्रभर जागले होते, तुम्ही जागू नका.

चालू करारही दुरुस्त करता येतात, फक्त संबंध चांगले असेपर्यंत मागणी करा. त्या ऑडिटनंतर आमचे नऊ करार चालू होते. प्रत्येकाला टर्मिनेशनचं कलम घालणारी एका पानाची अमेंडमेंट (करारातली दुरुस्ती) पाठवली. आठ जणांनी आठवड्याभरात सही करून दिली. नवव्याने रद्द करण्याआधी ३० दिवसांची नोटीस हवी अशी अट घातली, ती आम्ही मान्य केली.