गृहचौकशी करताना बालकाच्या भावी धोक्याचा अंदाज कसा बांधावा

काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांबाबत आदेश देणाऱ्या बालकल्याण समितीपुढे जाणाऱ्या सामाजिक तपासणी अहवालाच्या शेवटी ‘बालकास घरी धोका आहे’ किंवा ‘धोका आढळून आला नाही’ अशी एक ओळ असते आणि पुष्कळदा सगळा आदेश त्या एका ओळीवर उभा राहतो. धोका कोणता, कोणाकडून, कधी, आणि काय घडले तर तो वाढेल किंवा ओसरेल, यांपैकी काहीच त्या ओळीतून कळत नाही. ऊसतोड कुटुंबांमध्ये काम करताना अशा ओळी मीही लिहिल्या आहेत. जून महिन्यात ‘धोका नाही’ असे लिहून आलेल्या घरातली मुलगी दिवाळीच्या सुमारास सासरी गेल्याचे कळले, तेव्हापासून मी हे काम वेगळ्या पद्धतीने करू लागले. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी ती पद्धत येथे मांडत आहे. उदाहरणातील कुटुंबाचे तपशील ओळख पटणार नाही अशा रीतीने बदललेले आहेत, कारण बालकाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 ने मनाई केली आहे.

‘अजून काही घडलेले नाही, मग आपण काय करणार?’ हा प्रश्न गावात हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर कायद्यातच आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 च्या कलम 2(14) मध्ये काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक कोण हे सांगताना झालेल्या इजेइतकेच होऊ घातलेल्या इजेलाही स्थान दिले आहे. ज्याचे लैंगिक शोषण होण्याची शक्यता आहे, जे व्यसनात किंवा मानवी व्यापारात ओढले जाण्याची शक्यता आहे, ज्याच्यासोबत राहणाऱ्या व्यक्तीने दुसऱ्या एखाद्या बालकावर अत्याचार केलेला आहे, आणि कायदेशीर वय होण्यापूर्वी ज्याचे लग्न लावले जाण्याचा धोका अगदी जवळ येऊन ठेपला आहे, अशी सर्व बालके त्या व्याख्येत येतात.

आधी आजचा प्रश्न, मग पुढचा

घरात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न एकच असतो : हे बालक आज रात्री येथे सुरक्षित आहे काय? उत्तर ‘नाही’ असेल तर धोक्याचा तक्ता भरत बसू नये. 1098 या बाल हेल्पलाइनवर किंवा 112 या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे, पोलिसांची मदत घ्यावी आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत बालकाला समितीपुढे हजर करावे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली किंवा तसा संशय आला, तर बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. अशा वेळी बालकाकडून खोदून खोदून हकीकत काढू नये. त्याने आपणहून जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे आणि थांबावे, कारण तीच हकीकत चार जणांनी चार वेळा वदवून घेतली की बालकालाही त्रास होतो आणि पुढच्या जबाबालाही बाधा येते.

उत्तर ‘आज सुरक्षित आहे’ असे असेल, तेव्हा खरे अवघड काम सुरू होते. आजची सुरक्षितता आणि सहा महिन्यांनंतरचा धोका या दोन वेगळ्या बाबी आहेत. अहवालातही त्या वेगळ्या लिहाव्यात.

धोक्याचे पूर्ण वाक्य लिहावे

‘धोका : जास्त’ असे लिहिण्याऐवजी धोका एका पूर्ण वाक्यात लिहिण्याची सवय लावून घ्यावी. चौदा वर्षांच्या एका मुलीचे उदाहरण घेऊ. आईवडील दर वर्षी मजुरांच्या टोळीसोबत पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यावर ऊसतोडीला जातात आणि यंदा मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेऊन झाली आहे. या घरासाठी माझे वाक्य असे होते : ‘आईवडील दसऱ्यानंतर गाव सोडतील तेव्हा मुलीला आजीजवळ ठेवणे आईला सुरक्षित वाटत नाही. मावशीने सुचवलेल्या स्थळाची बोलणी चालू असल्यामुळे टोळी निघण्यापूर्वीच्या तीन-चार आठवड्यांत तिचे लग्न लावले जाण्याची दाट शक्यता आहे. ते झाले तर शाळा सुटेल, पुढच्याच हंगामात नवऱ्यासोबत तिचाही कोयता लागेल (तिलाही ऊसतोडीला जावे लागेल) आणि कमी वयात बाळंतपण येऊ शकेल.’

हे वाक्य लांब आहे, परंतु त्यातला प्रत्येक तुकडा खरा आहे की नाही हे तपासता येते. बोलणी चालू आहेत काय? आईला भीती नेमकी कशाची आहे? टोळीला नेणारी गाडी कधी भरणार आहे? वाक्य लिहिता येत नसेल, तर आपल्याजवळ माहिती अपुरी आहे असे समजून पुन्हा घरी जावे.

ऊसतोड कुटुंबांच्या या भागात धोक्याला ऋतू असतो, ही गोष्ट बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याच्या लवकर ध्यानात येत नाही. पेरणीच्या दिवसांत घर भरलेले असते, आई घरात असते, मुलगी शाळेत जाते. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत टोळ्या निघतात आणि त्याच घरात म्हातारी आजी व मुले एवढीच उरतात. किंवा मुले आईवडिलांसोबत फडावर, म्हणजे तोडीच्या उसाच्या शेतावर जातात, जेथे कोपीला (राहण्याच्या तात्पुरत्या झोपडीला) दार नसते आणि पहाटेच्या अंधारात तोडीला गेलेल्या आईमागे धाकट्या भावंडांना सांभाळायला थोरली मुलगी एकटीच असते. पट्टा पडून, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून, माणसे परत येतात तोवर लग्नसराई लागलेली असते आणि पुढे अक्षय्य तृतीया येते. म्हणून अहवाल कोणत्या महिन्यात लिहिला, हे त्यातल्या मजकुराइतकेच महत्त्वाचे ठरते.

पाहिलेले, ऐकलेले आणि ताडलेले

वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत : मी काय पाहिले, मला कोणी काय सांगितले, आणि त्यावरून मी काय ताडले. ही साधी शिस्त अनेक चुका टाळते. ‘मुलगी शाळेत नियमित जाते’ हे आईचे म्हणणे दुसऱ्या रकान्यात जाते. त्या चौदा वर्षांच्या मुलीचे दप्तर खुंटीला टांगलेले होते. मी परवानगी घेऊन मराठीची वही उघडली, तर शेवटच्या पानावरची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती. ही नोंद पहिल्या रकान्यात गेली. कोपऱ्यात नवी पत्र्याची पेटी होती आणि तिच्यावर स्टीलच्या भांड्यांचा एक संच अजून कागदात गुंडाळलेला होता, हेही पहिल्या रकान्यात गेले. ‘लग्नाची तयारी असावी’ हा मात्र तिसऱ्या रकान्यातला अंदाज होता. कारण भांडी तोडीच्या मुक्कामासाठीही घेतली जातात. मुख्याध्यापकांकडचा हजेरीपट आणि अंगणवाडीताईंचे बोलणे यांच्याशी ताडून पाहिल्यावरच त्या अंदाजाला वजन आले.

पुढे काय घडेल याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे मागे काय घडले ते. म्हणून तारीखवार घटनाक्रम तयार करावा. थोरल्या बहिणीचे लग्न कितव्या वर्षी झाले? आधी कोणी तक्रार केली होती काय, आणि तिचे पुढे काय झाले? मारहाणीच्या प्रकरणात एकेका प्रसंगाकडे सुटे पाहिले तर प्रत्येक वेळी ‘किरकोळ’ असा शेरा मिळतो, पण सहा प्रसंग एकाखाली एक लिहिले की त्यांतले अंतर कमी होत चालले आहे हे डोळ्यांना दिसते. जन्मतारखेचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला किंवा जन्मनोंद स्वतः पाहावी. तोंडी वयावर विसंबू नये.

बालकाशी एकट्याने बोलल्याशिवाय चौकशी पूरी झाली असे मानू नये. घरात विचारले तेव्हा ती मुलगी प्रत्येक उत्तराआधी आजीकडे पाहत होती. हापशावर पाणी भरायला जाताना मी तिच्यासोबत चालले आणि तिच्या अभ्यासाविषयी बोलले. लग्नाचा विषय मी काढला नाही. हंडा भरत आल्यावर तीच म्हणाली, “ताई, दहावीपर्यंत तरी थांबा म्हणावं त्यांना.” तिचे हे वाक्य मी अहवालात जसेच्या तसे घेतले.

वजन करणे

आता धोका तोलायचा. इजा होण्याची शक्यता किती आणि झाली तर ती किती गंभीर, हे दोन प्रश्न एकत्र करू नयेत. घरात रोज आरडाओरड होणे बहुधा चालूच राहील, पण दारू प्यायल्यावर वडिलांनी एकदाच कुऱ्हाड उगारली असेल तर तो प्रसंग पुन्हा घडण्याची शक्यता कमी असूनही त्याचे वजन फार मोठे आहे. बालकाचे वय, अपंगत्व, बोलता येणे न येणे, यांनीही वजन बदलते. दोन वर्षांचे मूल शेजारी पळून जाऊ शकत नाही.

दुसऱ्या पारड्यात संरक्षण करणाऱ्या गोष्टी टाकाव्यात, परंतु त्या पारखून. ‘घरी आजी आहे’ हे संरक्षण नव्हे. मागच्या वर्षी तालुक्याला जाऊन थोरल्या नातीचे लग्न अडवणारी आजी असेल, तर ते संरक्षण आहे. माणूस कोण, त्याने यापूर्वी काय केले आणि गरज पडेल तेव्हा तो गावात असेल काय, ही तीन उत्तरे मिळाली तरच ते नाव अहवालात लिहावे. पालकांनी शपथपत्र किंवा हमीपत्र लिहून दिले म्हणून धोका कमी झाला असे धरू नये. कागदावर अंगठा उठवूनही रातोरात दुसऱ्या तालुक्यात हळद लागल्याचे प्रकार या कामातल्या प्रत्येकाने ऐकलेले असतात.

गरिबीला हयगय समजणे ही चूक मला सर्वांत क्लेशदायक वाटते. पत्र्याचे छप्पर, एकच खोली, उपाशी झोपलेली रात्र, यांतून कुटुंबाला मदतीची गरज आहे एवढेच सिद्ध होते. बालकाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, हे तत्त्व अधिनियमाच्या कलम 3 मध्येच आहे. त्या मुलीच्या आईला मुलगी नकोशी झालेली नव्हती. तरण्या मुलीला मागे ठेवून गेल्यावर काही बरेवाईट झाले तर काय, या भीतीने ती लग्नाकडे वळली होती. ही भीती समजून न घेता तिला फक्त कायद्याचा धाक दाखवला असता, तर लग्न लपूनछपून झाले असते.

येथे आकड्यांविषयी थोडे सांगणे आवश्यक वाटते, कारण गुण देऊन धोका मोजणारे तक्ते आता सर्रास वापरले जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या फेरीनुसार महाराष्ट्रात 20 ते 24 वयोगटातील 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न 18 वर्षांच्या आत झाले होते आणि बीड जिल्ह्यात हे प्रमाण 43.7 टक्के होते. हे आकडे कोठे अधिक लक्ष द्यावे ते सांगतात, समोरचे कुटुंब काय करील ते सांगत नाहीत. गंभीर परंतु विरळ घडणाऱ्या इजेच्या बाबतीत तर गणित आणखी फसवे असते. समजा, 1000 कुटुंबांपैकी 50 कुटुंबांत पुढे गंभीर इजा होणार आहे आणि आपला तक्ता दर पाच कुटुंबांपैकी चारांबाबत बरोबर ठरतो. तो 50 पैकी 40 कुटुंबे ओळखेल, पण उरलेल्या 950 पैकी 190 कुटुंबांवरही ‘जास्त धोका’ असा शिक्का मारील. म्हणजे शिक्का बसलेल्या 230 कुटुंबांत खरी 40 असतील, आणि ‘कमी धोका’ म्हटलेल्यांत 10 बालके निसटलेली असतील. म्हणून तक्त्याचा उपयोग एखादा प्रश्न विचारायचा राहून जाऊ नये एवढ्यासाठी करावा. केवळ गुणांच्या बेरजेवर मूल घरातून हलवू नये आणि फाइलही बंद करू नये.

आपले पहिले मत आपल्याला फार लवकर पटते. घर स्वच्छ असले, पालकांनी आदराने चहा दिला की मन ‘चांगली माणसे आहेत’ असे ठरवून मोकळे होते आणि मग विरुद्ध खुणा दिसेनाशा होतात. यावर मला उपयोगी पडलेला उपाय असा : अहवाल पूर्ण करण्यापूर्वी तो सहकाऱ्याला वाचायला द्यावा आणि ‘माझे म्हणणे चुकीचे असेल तर ते कशावरून कळेल?’ एवढेच विचारावे. उत्तर अहवालात नोंदवावे.

अहवाल आणि त्यानंतर

सामाजिक तपासणी 15 दिवसांत पूर्ण करायची असते, जेणेकरून बालक प्रथम हजर झाल्यापासून चार महिन्यांच्या आत समितीला अंतिम आदेश देता येईल. अहवालात शिफारस ‘असे झाले तर असे करावे’ या रूपात लिहावी आणि प्रत्येक कामापुढे माणूस व तारीख लिहावी. त्या मुलीच्या बाबतीत शिफारस अशी होती : मुलीने आजीजवळ राहावे, शाळेच्या हंगामी वसतिगृहात (आईवडील तोडीला गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठीची सोय) तिचे नाव टोळी निघण्यापूर्वी नोंदवावे, शिक्षकांनी सलग तीन दिवसांची गैरहजेरी त्याच दिवशी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवावी, आणि लग्नाची तारीख ठरल्याचे कळताच ग्रामसेवकांनी बालविवाह प्रतिबंधक अधिकारी या नात्याने प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मनाई आदेशासाठी अर्ज करावा. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, 2006 नुसार असा आदेश असताना लावलेले लग्न मुळातच रद्दबातल ठरते. ही गोष्ट दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना आधीच समजावून सांगितली तर पुष्कळदा बोलणी तेथेच थांबतात. वडील वारलेले असतील किंवा एकच पालक असेल, तर मूल कुटुंबातच वाढावे म्हणून आर्थिक मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेचा अर्जही त्याच भेटीत भरून घ्यावा.

पुनर्भेटीच्या तारखा ‘दर तीन महिन्यांनी’ अशा न ठरवता धोक्याच्या ऋतूप्रमाणे ठरवाव्यात : टोळी निघण्यापूर्वी पंधरा दिवस, निघाल्यानंतर आठवड्याभरात, संक्रांतीच्या सुमारास, पट्टा पडल्यावर आणि अक्षय्य तृतीयेच्या आधी. प्रत्येक भेटीत मूळचे वाक्य समोर ठेवून त्यातला कोणता तुकडा आता खरा राहिला नाही आणि कोणता नवा जोडला पाहिजे, ते तारखेसह लिहावे. कार्यकर्ता बदलला तर नव्या कार्यकर्त्याला घेऊन एक भेट करावी. मुलगी अठरा वर्षांची होण्यापूर्वी फाइल बंद करायची असेल, तर निदान एक पूर्ण हंगाम आणि एक लग्नसराई पाहून झालेली असावी, आणि बंद करतानाच्या शेऱ्यात त्या मुलीने अडचणीच्या वेळी स्वतः कोणाला हाक मारायची ठरवले आहे, त्या माणसाचे नाव असावे.