गोळी तीच, कंपनी नवी आणि त्रास सुरू: औषधातले 'बाकीचे' घटक कसे तपासायचे

गोळ्यांच्या स्ट्रिपवर मूळ औषधाचं नाव आणि त्याचे मिलिग्रॅम लगेच दिसतात. त्याखालची बारीक ओळ मात्र सहसा कोणी वाचत नाही. बऱ्याचदा तिथे फक्त 'एक्सिपिएंट्स क्यू. एस.' असं छापलेलं असतं, म्हणजे बाकीचे घटक लागतील तेवढे. मी रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. "औषध तेच आहे हो, फक्त कंपनी बदलली, तर पोट बिघडलं," असं सांगणारं कोणी ना कोणी आमच्या खिडकीशी येतच असतं. अशा वेळी काय बघायचं, कुठे बघायचं आणि कशाचा बाऊ करायचा नाही, ते इथे लिहितेय.

आधी, हे घटक घालतात तरी कशाला? लेव्होथायरॉक्सिन या थायरॉइडच्या औषधाचा एक नेहमीचा डोस 50 मायक्रोग्रॅमचा. साखरेच्या एका दाण्यापेक्षाही हे वजन कमी. एवढंसं औषध चिमटीत धरणार कसं? म्हणून लॅक्टोज (दुधातली साखर), स्टार्च किंवा सेल्युलोजची भर घालतात. मग भुकटी एकत्र धरून ठेवायला बाइंडर, पोटात गेल्यावर गोळी फुटावी म्हणून आणखी काही, यंत्राला चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टीअरेट, वरून कोटिंग आणि रंग. सिरप असेल तर गोडी, स्वाद आणि टिकण्यासाठी प्रिझर्वेटिव्ह. 2019 साली 'सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन'मध्ये एक अभ्यास छापून आला. त्यात अमेरिकेतल्या तोंडावाटे घ्यायच्या 42 हजारांहून जास्त औषधांचे घटक तपासले होते. त्यातल्या जवळजवळ 93 टक्के औषधांमध्ये कोणाला तरी ॲलर्जी होऊ शकेल असा निदान एक घटक निघाला. 45 टक्क्यांच्या आसपास औषधांत लॅक्टोज होतं. आकडा दचकवणारा आहे, पण तो 'कोणाला तरी' पुरताच आहे. बहुतेकांना आयुष्यभरात यातल्या कशाचाच त्रास होत नाही.

तरीही या घटकांना 'निष्क्रिय' म्हणून सोडून द्यावं असं मला वाटत नाही, कारण कधी कधी ते मूळ औषधाचं वागणंच बदलतात. 1960च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात फिट्सवरच्या फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधली भर बदलली गेली. कॅल्शियम सल्फेट काढून त्याजागी लॅक्टोज घातलं. डोस तोच राहिला, पण औषध रक्तात जास्त उतरू लागलं आणि कितीतरी रुग्णांमध्ये विषबाधेची लक्षणं दिसली. अपस्मार, थायरॉइड किंवा रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांच्या बाबतीत डॉक्टर 'शक्यतो एकाच कंपनीचं घ्या' म्हणतात, त्यात तथ्य आहे ते असं.

तपासणीची सुरुवात औषधापासून करू नका, स्वतःपासून करा. एका कागदावर लिहा: कशाची ॲलर्जी आहे, काय खाल्ल्यावर पोट बिघडतं, रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार आहे का, दमा आहे का, सीलिअॅक (गव्हातलं ग्लूटेन न सोसणारा आजार) किंवा फेनिलकिटोन्युरिया (प्रथिनांमधला फेनिलॲलॅनिन हा घटक शरीराला नीट मोडता न येणारा जन्मजात आजार) आहे का, घरात तान्हं बाळ आहे का. या कागदावर काहीच आलं नाही, तर पुढचं सगळं तुम्ही निव्वळ माहिती म्हणून वाचा.

सगळ्यात जास्त विचारणा होते ती लॅक्टोजची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त अनाठायी भीतीही त्याचीच. एका गोळीत लॅक्टोज असतं ते मिलिग्रॅममध्ये. पेलाभर दुधात साधारण 12 ग्रॅम असतं. दूध न पचणाऱ्या बऱ्याच जणांना एका वेळी तेवढंही चालून जातं. त्यामुळे दिवसाला एकदोन गोळ्यांनी पोट बिघडलं, तर मी आधी दुसरं कारण शोधते. हां, दिवसाला दहाबारा गोळ्या घेणाऱ्याची गोष्ट वेगळी, तिथे बेरीज करून बघायला हवी. गॅलॅक्टोसेमिया (दुधातल्या साखरेतलं गॅलॅक्टोज शरीराला वापरता न येणारा जन्मजात आजार) असलेल्या बाळाला तर थोडंसंही चालत नाही. आणि दुधाची ॲलर्जी हा निराळाच प्रकार आहे. ती दुधातल्या प्रथिनांची असते, साखरेची नाही. पण दम्याच्या काही कोरड्या भुकटीच्या इनहेलरमध्ये लॅक्टोज असतं आणि त्यात दुधाच्या प्रथिनांचा अंश राहू शकतो. दुधाची तीव्र ॲलर्जी असेल तर इनहेलर सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगा.

ज्याची भीती वाटायला हवी आणि कोणालाच वाटत नाही, ते म्हणजे सोडियम. पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळ्या सोडियम बायकार्बोनेटमुळे फसफसतात. पॅरासिटॅमॉलच्या 500 मिलिग्रॅमच्या अशा एका गोळीत साधारण 400 मिलिग्रॅम सोडियम असू शकतं. दिवसाला आठ घेतल्या तर तीन ग्रॅमच्या वर गेलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसभरात सगळं मिळून दोन ग्रॅमच्या आत राहा. एकदा एक आजोबा बिनमिठाचं जेवण काटेकोरपणे पाळूनही रक्तदाब उतरत नाही म्हणून वैतागले होते. मी विचारलं, "आजोबा, गुडघ्यांसाठी कुठली गोळी घेता?" त्यांनी खिशातून फसफसणाऱ्या गोळ्यांची नळीच काढून दाखवली. डॉक्टरांना विचारून त्यांना साधी गिळायची गोळी दिली.

पातळ औषधांमध्ये साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते सॉर्बिटॉल बघा. 'शुगर फ्री' लिहिलेल्या सिरपमध्ये ते हमखास भेटतं. दिवसाला 10 ग्रॅमच्या पुढे गेलं की काहींना गॅस आणि मुरडा, 20 ग्रॅमच्या आसपास अनेकांना जुलाब. नळीवाटे अन्न घेणाऱ्या रुग्णाला जुलाब लागले की सगळे त्या अन्नाला दोष देतात. पण त्याच नळीतून चारपाच सिरप जात असतील, तर त्यांची बेरीज कोणी करत नाही. अशा रुग्णाची काळजी घरी घेत असाल, तर सगळ्या बाटल्या एका रांगेत मांडून लेबलं वाचा.

बाकीचं थोडक्यात. फेनिलकिटोन्युरिया असेल तर ॲस्पार्टेम हा गोडी आणणारा घटक वर्ज्य. तोंडात विरघळणाऱ्या आणि चघळायच्या गोळ्यांत ते असू शकतं. सीलिअॅक असेल तर स्टार्च कशाचा हे विचारा. बहुतेकदा मक्याचा किंवा बटाट्याचा असतो, गव्हाचा क्वचित. टार्ट्राझीन हा पिवळा रंग काही जणांना, विशेषतः दमा असलेल्यांना किंवा ॲस्पिरिन न सोसणाऱ्यांना, त्रास देऊ शकतो. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल घेण्याआधी आतलं तेल कोणतं ते बघा, काहींमध्ये शेंगदाणा तेल असतं. जिलेटिनच्या कॅप्सूल प्राण्यांपासून बनतात. ते चालत नसेल तर वनस्पतीजन्य एचपीएमसीच्या कॅप्सूल मिळतात का विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगावर युरोपियन युनियनने 2022 मध्ये खाद्यपदार्थांत बंदी घातली, औषधांत मात्र ते अजून चालतं. निव्वळ त्याच्या धास्तीने चालू औषध सोडू नका.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत मी कधीच घाई करत नाही. मोठ्यांच्या शरीरात सहज निकाली निघणारी गोष्ट त्यांच्या यकृताला झेपत नाही. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला नवजात बाळांना शिरेतून दिलेल्या द्रावणांतल्या बेन्झिल अल्कोहोल या प्रिझर्वेटिव्हमुळे मृत्यू झाल्याचं लक्षात आलं. म्हणून मोठ्यांचं सिरप 'थोडंसंच' म्हणून बाळाला द्यायचं नाही.

एक दुर्मीळ पण धूर्त घटक म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल. पीईजी, मॅक्रोगोल अशा नावांनीही तो छापलेला असतो. पोट साफ करायच्या भुकटीत तो असतो, गोळ्यांच्या कोटिंगमध्ये असतो, सांध्यात द्यायच्या काही स्टेरॉइड इंजेक्शनांतही असतो. एकमेकांशी काही नातं नसलेल्या दोन औषधांनी अंगावर गांधी उठल्या किंवा घसा आवळला, तर दोन्हींच्या घटकयाद्या शेजारी ठेवा आणि ॲलर्जीतज्ज्ञांकडे जा. घरी पुन्हा घेऊन बघायचा प्रयोग अजिबात नको.

आता यादी मिळवायची कुठे? खोक्यातलं घडीचं पत्रक फेकू नका, अनेक पत्रकांत शेवटच्या भागात संपूर्ण यादी असते. ते नसेल तर औषधाचं नाव, ताकद, कंपनी आणि बॅच नंबर घेऊन फार्मासिस्टकडे जा किंवा थेट कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या औषधांची पत्रकं 'डेलीमेड' या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. पण तुमच्या हातातली गोळी त्याच कंपनीची नसेल तर ती यादी लागू पडत नाही. इतकंच काय, एकाच कंपनीच्या 25 आणि 50च्या गोळीतही रंग वेगळे असू शकतात.

जुनी स्ट्रिप आणि नवी स्ट्रिप दोन्ही जपून ठेवा. त्रास कधी सुरू झाला, गोळीनंतर किती वेळाने होतो, त्याच दिवसांत आणखी काय बदललं, हे तारखेसकट लिहा. दोन याद्यांमधला फरक सहसा दोनतीन घटकांवर येतो, आणि त्यातला एखादा तुमच्या पहिल्या कागदाशी जुळला तर धागा सापडला. नाही जुळला तर मूळ औषधाचाच दुष्परिणाम असण्याची शक्यता जास्त. दोन्ही वेळा औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही, आणि कोटिंग नको म्हणून गोळी कुटायची किंवा कॅप्सूल उघडायची तर अजिबातच नाही. काही गोळ्या हळूहळू सुटण्यासाठी बनवलेल्या असतात, कुटल्या की दिवसभराचा डोस एकदम पोटात जातो.

ओठ, जीभ सुजणं, श्वास लागणं, चक्कर येणं असं काही झालं तर याद्या वाचत बसू नका, लगेच तातडीची मदत घ्या. तिथे ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन देतील. त्यात सल्फाइट हे प्रिझर्वेटिव्ह असू शकतं, पण सल्फाइटची ॲलर्जी असली तरी त्या क्षणी ते इंजेक्शन नाकारायचं नसतं.

पर्याय मागताना नेमकं मागा. 'दुसरं काहीतरी द्या' म्हटलं की दुसरी कंपनी मिळते आणि कदाचित तोच रंग. लेव्होथायरॉक्सिनच्या काही ब्रँडमध्ये 50 मायक्रोग्रॅमची गोळी बिनरंगाची पांढरी असते. रंगाचा संशय असेल तर 100च्या एका रंगीत गोळीऐवजी 50च्या दोन पांढऱ्या चालतील का, असं डॉक्टरांना विचारता येतं.