राजगडावर प्लास्टिक वेचायला जाताना

सगळ्यात आधी ठरवायचं ते भरलेली पोती शेवटी कुठे जाणार हे. काही वर्षांपूर्वी एका गडावरून आम्ही अकरा पोती खाली आणली, पायथ्याच्या गावात भिंतीकडेला रचली आणि समाधानाने घरी आलो. पंधरा दिवसांनी पाहतो तर तिथे काळाकुट्ट गोळा आणि अर्धवट जळलेली झाकणं. चूक आमचीच होती. त्या गावात कचरागाडीच येत नव्हती आणि आम्ही साधी चौकशीही केली नव्हती. म्हणून आठवडाभर आधी भंगारवाल्याशी बोलून ठेवा. पाण्याच्या बाटल्या तो घेतो. वेफर्सची पाकिटं घेत नाही, कारण त्यांतला प्लास्टिकचा आणि चंदेरी थर सुटा करता येत नाही. ती शहरात परतच आणावी लागतात. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताईंना आधी विचारा, दहा पोती एकदम त्यांच्या पुढ्यात टाकू नका.

दिवस जानेवारी-फेब्रुवारीतला धरा. गवत वाळून बसलेलं असतं, उतारावरचं नीट दिसतं. पावसाळा लागला की तेच प्लास्टिक ओढ्यांतून गुंजवणी नदीत उतरतं.

काळ्या पिशव्या नकोत, करवंदीच्या काट्याला लागल्या की फाटतात. धान्याची रिकामी पोती, सुतळी, हार्डवेअरच्या दुकानातले जाड हातमोजे, चिमटे आणि फुटक्या काचांसाठी पत्र्याचा डबा घ्या. डायपर वेगळ्या पोत्यात. बाटलीतलं पाणी ओतून, ती चेपून, झाकण परत लावायचं. सुटी झाकणं दगडांच्या फटीत जातात. सुपली आणि छोटा ब्रश मात्र विसरू नका. तटाशी वर्षानुवर्षं उन्हात पडलेली पिशवी उचलायला जावं तर बोटांतच तिचा चुरा होतो, आणि तो चुरा मातीत गेला की पुन्हा हाती लागत नाही. मला सगळ्यात जास्त त्याचंच वाईट वाटतं.

गड राज्य संरक्षित आहे, २०२५ पासून जागतिक वारसा यादीतही आहे. पुरातत्त्व विभागाला पत्र द्या, सरपंचांना फोन करा. पाकीट दगडाखाली अडकलेलं दिसलं तरी वास्तूचा दगड हलवायचा नाही. तटाखालच्या उतारावर फक्त दोरावर उतरायची सवय असलेल्यांनीच जावं. सुवेळा माचीकडे आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर लावू नका, धूर करू नका.

पायथ्याच्या गुंजवणे गावातून चोरदरवाजाने चढा, पण पोती पाली दरवाजाने उतरवा. चोरदरवाजाच्या कातळात दोन्ही हात मोकळे लागतात. म्हणजे परतीची गाडी पालीच्या बाजूला हवी, हे ड्रायव्हरला आदल्या दिवशीच सांगा.

प्रत्येकाकडे तीन लिटर पाणी, स्वतःच्या बाटलीत. खायला डब्यात शेंगदाणे-गूळ. जेवणाचं गावातल्या मावशींना आदल्या दिवशी माणसं मोजून कळवा आणि स्टीलच्या ताटल्या आपल्याच न्या, कारण कागदी कपांनासुद्धा आतून प्लास्टिकचा थर असतो. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही प्रत्येकाने बघून ठेवा. आणि गाडीच्या टपावर पोती बांधायला ताडपत्री व दोर घ्या, नाहीतर वेचलेलं सगळं घाटात पुन्हा उडतं.