सोळा कोअर, सोळा रांगा आणि तरी एकच कोअर तापलेला

लिनक्स सर्व्हर सांभाळायची पहिली नोकरी लागलेल्यांसाठी हे लिहितेय. पिंग, राउटिंग, सबनेट एवढं तुम्हाला येतं असं धरते. 'सर्व्हर दणकट आहे, कार्ड १० गिगाबिटचं आहे, तरी नेटवर्क रांगतंय' ही तक्रार तुमच्याकडे येणारच. त्या दिवशी आजूबाजूचे सगळे सल्ले देतील, आणि त्यातले बरेचसे सल्ले मशिनकडे न बघता दिलेले असतील.

सोपं आधी उरका. एथटूलने (नेटवर्क कार्डाची माहिती आणि सेटिंग दाखवणारी आज्ञा) लिंकचा वेग आणि डुप्लेक्स बघा, सीआरसीच्या चुका (वाटेत बिघडलेल्या फ्रेम) वाढताहेत का बघा. वाढत असतील तर केबल, मॉड्यूल किंवा स्विचचं पोर्ट. या कामाला पाच मिनिटं लागतात.

यानंतर बहुतेक जण सिसकंट्रोलच्या (कर्नलची सेटिंग बदलणाऱ्या) तयार ओळी कुठून तरी उचलून चिकटवतात. कृपा करून हे करू नका. बफर वाढवण्याला अर्थ आहे, पण ठरावीक जागी. १० गिगाबिटची वाट आणि जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद लागत असतील, तर वाट भरलेली ठेवायला १२५ मेगाबाइट डेटा सतत प्रवासात असावा लागतो. लिनक्समध्ये टीसीपीच्या रिसीव्ह बफरची कमाल मर्यादा बरीच वर्षं मुळात ६ मेगाबाइट होती (२०२५च्या ६.१६ कर्नलपासून ती वाढवली), म्हणून त्याआधीच्या कर्नलवर एकटं कनेक्शन ५०० मेगाबिटच्या आसपास किंवा त्याच्याही खाली अडतं. तिथे बफर वाढवा. एकाच रॅकमधल्या दोन मशिनांमध्ये रडगाणं असेल तर त्या ओळींनी काहीही होणार नाही, उलट पुढच्या माणसाला मूळ सेटिंग काय होतं तेही कळणार नाही.

आता सीपीयू. मॉनिटरिंगच्या पडद्यावर 'सीपीयू ६ टक्के' दिसतं आणि सगळे निश्चिंत होतात. सोळा माणसांच्या घरात एकटी सून राबतेय आणि सरासरी काढून 'घरात कामाचा ताण ६ टक्के' म्हणायचं, तसं हे आहे. सोळातला एक कोअर शंभर टक्के भरला की सरासरी ६.२५ येते. टॉप उघडून १ दाबा, किंवा एमपीस्टॅट सगळ्या कोअरसाठी वेगवेगळा चालवा आणि 'सॉफ्ट' हा रकाना (पॅकेट हाताळण्यासारख्या कर्नलच्या कामात गेलेला वेळ) वाचा. एका कोअरचा सॉफ्ट शंभराला टेकलाय, त्याचाच केसॉफ्टआयआरक्यूडी (तेच काम करणारा कर्नलचा थ्रेड) यादीत वर बसलाय आणि बाकीचे रिकामे आहेत, म्हणजे चोर सापडला. कार्ड ज्या कोअरला इंटरप्ट ('पॅकेट आलंय' ही हाक) देतं, त्याच कोअरवर सहसा पॅकेटचं पुढचं कामही होतं. १५०० बाइटच्या पूर्ण पॅकेटांनी १० गिगाबिट भरलं तर सेकंदाला सुमारे ८ लाख १२ हजार पॅकेट येतात, म्हणजे एकाला जेमतेम १.२ मायक्रोसेकंद. सगळ्यात लहान, ६४ बाइटच्या फ्रेम असतील तर १ कोटी ४८ लाख ८० हजार, एकाला ६७ नॅनोसेकंद. एका कोअरकडून हे होत नाही. डीएनएस किंवा व्हॉइसच्या सर्व्हरवर बँडविड्थ अर्धीही न भरता पॅकेट का गळतात, याचं उत्तर इथे आहे.

यावर उपाय म्हणून कार्डात अनेक रांगा असतात आणि आरएसएस (रिसीव्ह साइड स्केलिंग, ही कार्डाचीच सोय) त्यांच्यात पॅकेट वाटतं. एथटूलला छोटा 'एल' दिला की रांगा किती ते दिसतं. प्रॉकमधली इंटरप्ट्सची फाइल उघडली की कोणती रांग कोणत्या कोअरवर ते दिसतं. इथवर सगळे शिकवतात. मला ज्याने छळलं ते याच्या पुढे आहे, म्हणून सावकाश वाचा.

रांगा सोळा, इंटरप्ट सोळा कोअरवर नीट वाटलेले, आणि तरी भार एकाच कोअरवर. वाटप बरोबर दिसत असल्यामुळे आपण भलतीकडेच शोधत बसतो. कार्ड पॅकेट 'पुढची रिकामी रांग कुठली' असं बघून वाटत नाही. ते पत्ते आणि पोर्ट घेऊन हॅश (त्यांच्यापासून गणिताने निघणारा आकडा) काढतं आणि त्या हॅशवरून रांग ठरवतं. एका प्रवाहाची पॅकेट क्रमाने लागावीत म्हणून हे मुद्दाम तसं आहे. म्हणजे एक टीसीपी कनेक्शन म्हणजे एक रांग, एक कोअर. हे अजून सोपं. खरी मेख यूडीपीत आहे. इंटेलच्या प्रचलित आयजीबी, आयएक्सजीबीई ड्रायव्हरांत यूडीपीचा हॅश मुळात फक्त दोन आयपी पत्त्यांवरून निघतो, पोर्ट त्यात धरलेच जात नाहीत. तुकडे झालेल्या यूडीपी पॅकेटच्या पुढच्या तुकड्यांत पोर्ट नसतो, ते वेगळ्या रांगेत जाऊन क्रम बिघडू नये, हा त्यामागचा विचार.

आता दोन होस्टमध्ये व्हीएक्सलॅन टनेल (आतली वाहतूक यूडीपी पॅकेटांत गुंडाळून नेणारी वाट) आहे असं समजा. आत शेकडो कनेक्शन आहेत, पण बाहेरून सगळं यूडीपी, पत्ते तेच दोन. व्हीएक्सलॅन आतल्या प्रवाहागणिक बाहेरचा सोर्स पोर्ट बदलतं, ते याचसाठी. पण कार्ड पोर्टकडे बघतच नसेल तर ती सोय वाया जाते आणि सगळं ओझं एका रांगेत. एथटूलच्या छोट्या 'एन'ने यूडीपी४चा आरएक्स-फ्लो-हॅश विचारा. उत्तरात फक्त सोर्स आणि डेस्टिनेशन आयपी दिसले तर मोठ्या 'एन'ने तोच हॅश 'एसडीएफएन' करा, म्हणजे पोर्टही हिशेबात येतील. मोठे तुकडे होणारी यूडीपी वाहतूक असेल तर मात्र आधी तपासा.

जीआरई या दुसऱ्या प्रकारच्या टनेलला पोर्टच नसतात, तिथे ही युक्ती चालत नाही. तिथे आरपीएस (वाटपाचं हेच काम कार्डाऐवजी कर्नलमध्ये करणारी सोय) वापरा. ते २०१० साली २.६.३५ कर्नलमध्ये आलं, आणि पॅकेट उघडून आतल्या प्रवाहावरून काम दुसऱ्या कोअरला देतं.

घाबरू नका, हे सगळं पाठ करायचं नाही. प्रश्न एकच धरून ठेवा: पॅकेट नक्की कोणत्या कोअरवर उतरतंय? पहिल्या दिवशी 'कोणता कोअर?' असं विचारणारा वरिष्ठ भेटला तर त्याला सोडू नका. 'कोअर वाढवून घे' म्हणणाऱ्याचं नम्रपणे ऐका आणि आपलं मोजमाप चालू ठेवा. सोळाचे बत्तीस केले तरी तापलेला एकच राहील.

मोजताना दोन गोष्टींत फसाल. आयपर्फ३ या वेग मोजायच्या साधनाला समांतर प्रवाह सांगितले तरी ३.१६ आवृत्तीच्या आधी ते सगळे एकाच थ्रेडवर चालत, त्यामुळे तिथे दिसणारी मर्यादा आयपर्फचीच असू शकते. आणि प्रॉकमधल्या सॉफ्टनेट-स्टॅट फाइलला (कोअरनिहाय पॅकेटचा हिशेब) मथळे नाहीत, आकडे हेक्साडेसिमल आहेत: एक ओळ म्हणजे एक कोअर, दुसरा रकाना टाकून दिलेल्या पॅकेटचा, तिसरा वेळ किंवा कोटा संपल्यामुळे काम अर्धवट सोडावं लागल्याचा. कार्डाच्या रिंगमध्येच (आलेली पॅकेट ठेवायच्या बफरमध्ये) गळालेलं मात्र इथे दिसत नाही, ते एथटूलच्या मोठ्या 'एस'मध्ये शोधा.

दोन सॉकेटचं मशिन असेल तर कार्ड कोणत्या नुमा नोडला (म्हणजे कोणत्या सॉकेटच्या बाजूला) जोडलंय ते बघून त्याच नोडचे कोअर द्या. हाताने वाटप करणार असाल तर आयआरक्यूबॅलन्सला (इंटरप्ट आपोआप वाटणाऱ्या सेवेला) त्या इंटरप्टना हात न लावायला सांगा, नाहीतर थोड्या वेळाने तुमचं वाटप तो फिरवेल. व्हर्च्युअल मशिन असेल तर व्हर्टिओच्या (व्हर्च्युअल कार्डाच्या) रांगा आधी होस्टवरच वाढवाव्या लागतात.

रांगांची संख्या बदलताना अनेक ड्रायव्हर लिंक क्षणभर पाडतात. हे काम चालू वेळेत करू नका, आणि त्याच लिंकवरच्या एसएसएचमधून तर नाहीच, कन्सोल उघडा ठेवा. बदलाआधीचे आकडे फाइलमध्ये लिहून ठेवा. एथटूलने केलेलं रीबूटनंतर टिकत नाही, म्हणून चाललेलं सेटिंग त्याच दिवशी सिस्टिमडी किंवा नेटवर्कमॅनेजरमध्ये घाला आणि एकदा रीबूट करून तपासा.