बोट लावून फोन उघडत नाही? फोन बदलायच्या आधी या चुका टाळा

आईचा नवीन फोन घेऊन जेमतेम महिना झाला होता आणि रोज एकच तक्रार, अगं हा माझा अंगठाच ओळखत नाही. बघितलं तर काय, सेटिंग करताना फोन टेबलावर ठेवून अंगठा अगदी सरळ टेकवला होता, आणि वापरताना फोन हातात, अंगठा तिरका. सगळ्यात कॉमन चूक हीच. रोज जसा फोन धरता तसाच धरून बोट रजिस्टर करा, कडा आणि टोक पण नीट येऊ द्या. बऱ्याच फोनमध्ये तोच अंगठा दुसऱ्यांदा टाकता येतो, खूप फरक पडतो.

भाकरी थापल्यावर बोटावर वाळलेलं पीठ राहतं, ओल्या हाताने तर अजिबात लागत नाही, आधी हात पुसा. आणि भांडी घासून, शेतात काम करून ज्यांच्या रेषाच झिजल्यात त्यांनी अंगठ्याचा हट्ट सोडून कमी वापरातलं बोट द्यावं.

आता स्क्रीनवर लावतो तो ग्लास. स्क्रीनखालचा बोट ओळखणारा सेन्सर दोन प्रकारचा असतो, एक उजेड पाडून बोटाचा फोटो काढतो, दुसरा अल्ट्रासोनिक, म्हणजे आवाजाच्या लहरींनी रेषा वाचतो. या दुसऱ्याला स्क्रीन आणि ग्लासच्या मधली हवा चालत नाही, त्यामुळे दुकानदार कुठलाही ग्लास लावून देतो तेव्हा आपल्या मॉडेलला चालतो का ते विचाराच. ग्लास बदलला की जुने ठसे डिलीट करून परत द्या. पण स्क्रीन झाकणाऱ्या स्वस्तातल्या जाड सिलिकॉन कव्हरवरून ठसा रजिस्टर करू नका, 2019 मध्ये सॅमसंगच्या एस 10 वर याच प्रकाराने भलत्याच माणसाच्या बोटाने फोन उघडत होता, सेन्सर कव्हरच्या आतली नक्षीच ठसा समजत होता, शेवटी कंपनीला अपडेट द्यावं लागलं.

रीस्टार्ट केल्यावर पिन मागतो तो बिघाड नाही, तसंच असतं. नवीन बोट टाकल्यावर बँकेचं ॲप परत पासवर्ड मागतं ते पण तुमच्याच सेफ्टीसाठी.

आणि प्लीज, मुलांना गेम खेळायला म्हणून त्यांचं बोट आपल्या फोनमध्ये टाकू नका. फोनला आई कोण आणि मुलगा कोण ते कळत नाही, जे बोट रजिस्टर आहे त्याने बोट लावून चालणारं पेमेंट ॲप पण उघडतं. आईच्या फोनमध्ये माझ्या भाच्याचं होतं, ते मी त्याच दिवशी काढलं.