शेतात समुद्रशेवाळ वापरताय? आधी जात ओळखा

पाऊस उघडला, पूर्वहंगामी उसाच्या लागणी सुरू झाल्या, की सीवीडच्या, म्हणजे समुद्रशेवाळाच्या अर्काच्या बाटल्यांची विचारणा वाढते. काही जण घाट उतरून कोकणातलं ओलं शेवाळच पोत्यानं आणायचा विचार करतात. दोन्हींत पहिला प्रश्न एकच: शेवाळ कुठल्या जातीचं?

बाजारातले बरेचसे अर्क तपकिरी (सरगॅसम, अ‍ॅस्कोफायलम) किंवा लाल (कप्पाफायकस) शेवाळाचे असतात. २०२१ पासून हे अर्क जैवउत्तेजक (पिकाच्या वाढीला चालना देणारे पदार्थ) म्हणून खत नियंत्रण आदेशाखाली आलेत. बाटलीवर शेवाळाचं शास्त्रीय नाव नसेल तर दुकानदाराला विचारा. नुसत्या ‘समुद्री अर्क’ एवढ्यावर पैसे देऊ नका.

हिरव्या शेवाळाची ओळख सगळ्यात अवघड. हिवाळ्यात रत्नागिरी-मालवणच्या खडकांवर दिसणारे पोपटी, पातळ पापुद्रे म्हणजे बहुधा उल्वा. पण पाण्याचा खारेपणा बदलला की एकच जात कुठे पापुद्र्यासारखी, कुठे बारीक नळीसारखी वाढू शकते. नळीवाल्यांना सुमारे एकशे ऐंशी वर्षं एंटेरोमॉर्फा या वेगळ्या गटात ठेवलं होतं. २००३ मध्ये जनुकीय तपासणीनंतर दोन्ही गट एकत्र केले गेले. म्हणून फोटोवरून नाव सांगणाऱ्यावर विसंबू नका.

नमुना नीट घेतला तर जनुकीय तपासणी कामाची. दुसरं बारीक शेवाळ न चिकटलेला कोवळा तुकडा निवडा. समुद्राच्याच पाण्यात वाळू धुवा, टिपकागदानं पाणी टिपा आणि नखाएवढा तुकडा वजनाच्या किमान दहापट सिलिका जेलमध्ये (ओल शोषणाऱ्या दाण्यांत) बंद करा. उन्हात वाळवू नका. फॉर्मॅलिन तर अजिबात नको, त्यानं डीएनए खराब होतो. पाकिटावर तारीख, गाव आणि जागा खडकाची की खाडीची, ते पेन्सिलीनं लिहा. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात चौकशी करा. हिरव्या शेवाळासाठी हरितलवकातलं ‘टफ-ए’ जनुक वाचून घ्यावं. जनुकांच्या संग्रहातल्या कुठल्याच नोंदीशी जुळलं नाही म्हणजे जात नवीच, असं नाही. तिची नोंद अजून झालेली नसेल, किंवा जुनी नोंद चुकीच्या नावानं असेल. बाटलीतल्या अर्कावर मात्र ही तपासणी बेभरवशाची, कारण उष्णता आणि अल्कलीनं डीएनए तुटतो.

शिरोळकडच्या क्षारपड रानात ओलं शेवाळ टाकूच नका, मिठाची भर पडेल. इतरत्रही गोड्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन, कंपोस्ट करून, क्षारता (ईसी) तपासूनच वापरा. मालवणच्या सागरी अभयारण्यातून काही उचलू नका.

कोकणातले पाहुणे शेवाळशेती करणार असतील तर जात तपासल्याशिवाय बाहेरचं बी पाण्यात सोडू नका म्हणावं. तमिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातात लागवडीचं कप्पाफायकस कुरुसडई बेटाच्या प्रवाळांवर पसरलं, ते काढणं फार जड गेलं.

फवारणी लेबलवरच्या मात्रेनंच, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर करा. शेजारच्या दोन सऱ्या बिनफवारणीच्या ठेवा आणि फुटवे मोजून मगच पुढची बाटली घ्या.